ट्रायम्फ बोनव्हिल टी१२०: जुनी गाडी पारखावी कशी, घ्यावी कशी आणि चालती ठेवावी कशी

ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, म्हटलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात: आवाज काय सुंदर, आणि ऑइल किती गळतं! पहिली गोष्ट शंभर टक्के खरी. दुसरी मात्र गाडीपेक्षा ती उघडणाऱ्या हातांबद्दल जास्त सांगते. मेरिडनच्या कारखान्यातून १९६३ ते १९७० या काळात बाहेर पडलेली साडेसहाशे सीसीची बोनव्हिल नीट जुळवलेली असेल, तर ती आजही दिवसभर बिनतक्रार पळते. चुकीचा पाना, ऑइलची हयगय आणि घाई या तीन गोष्टी तिला मारतात. वयाने ती मरत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, अशी गाडी घ्यावी असं मनात घोळत असलेल्या आणि शनिवारी हात काळे करायची तयारी असलेल्या माणसासाठी हा लेख आहे. गाडी बघायला जाण्यापासून ती हिवाळ्यात झाकून ठेवण्यापर्यंत, ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात त्याच क्रमाने लिहितो.

आधी इंजिनाची कुळकथा

इतिहास वगळून थेट पान्याकडे वळावंसं वाटेल, पण तसं करू नका. पुढे काय तपासायचं आणि का, हे या इतिहासातूनच कळतं.

एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली ट्रायम्फसाठी ‘स्पीड ट्विन’ आणली. ४९८ सीसी, ६३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास). दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात, आणि क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरती करणाऱ्या दांड्याच्या) दर फेऱ्याला एक-एक सिलिंडर आळीपाळीने फायर होतो. बाकीच्या ब्रिटिश कंपन्या लवकरच याच मांडणीच्या मागे लागल्या. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री शहर बेचिराख झालं, त्यात ट्रायम्फचा कारखानाही गेला. १९४२मध्ये जवळच्या मेरिडन गावाबाहेर नवा कारखाना उभा राहिला.

युद्धानंतर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि अमेरिकेला जास्त ताकद हवी होती. म्हणून १९४९ साली त्याच इंजिनाला फुगवून ६४९ सीसीची थंडरबर्ड झाली (७१ बाय ८२ मिलिमीटर). १९५६मध्ये जॉनी ॲलन यांनी युटा राज्यातल्या बोनव्हिलच्या मिठागरावर ट्रायम्फचं साडेसहाशेचं इंजिन बसवलेलं लांबट, बंदिस्त वाहन ताशी २१४ मैलांनी, म्हणजे जवळपास ३४५ किलोमीटरने पळवलं. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या विक्रमाला मान्यता दिली नाही, पण ट्रायम्फने मिठागराचं नाव उचललं. १९५८च्या शेवटी लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात बोनव्हिल टी१२० लोकांसमोर आली: अमल कंपनीचे दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारं साधन), ६५०० आरपीएमला ४६ हॉर्सपॉवर.

आता मुद्द्याचं. स्पीड ट्विनची ताकद तीस हॉर्सपॉवरच्याही आतली होती. वीस-बावीस वर्षांत ती दीडपटीहून जास्त झाली, पण क्रँक तोललेला राहिला दोनच मेन बेअरिंगवर, दोन टोकांना एकेक. ऑइल ढकलायला तोच साधा प्लंजर पंप. फिल्टर म्हणून फक्त तारेची जाळी, कागदी फिल्टर नाहीच. दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होत असल्याने थरथर अंगभूत आहे. म्हणजे १९३७च्या आराखड्याकडून १९६०च्या दशकातलं काम घेतलेलं आहे. तो आराखडा ते काम करतोही, मात्र ऑइल स्वच्छ हवं आणि प्रत्येक नट योग्य ताणाने घट्ट हवा. इथून पुढचा प्रत्येक सल्ला या एका गोष्टीतून निघतो.

कोणत्या सालची घ्यावी

१९६३च्या आधी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते. १९६३पासून दोन्ही एकाच केसमध्ये आले, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) आठऐवजी नऊ स्टड मिळाले. १९६६ला सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्ट आली. डग हील हे नॉर्टनमधून ट्रायम्फमध्ये आलेले इंजिनिअर. त्यांनी चासीवर काम केल्यावर गाडी वळणात शहाण्यासारखी वागू लागली. १९६८ला पुढचा ब्रेक सुधारला (आठ इंची ड्रम, दोन्ही शू पुढून धरणारे), कार्बोरेटर अमलच्या ‘कॉन्सेंट्रिक’ प्रकारचे झाले आणि दोन्ही सिलिंडरचे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) स्वतंत्रपणे लावता येऊ लागले. १९६९मध्ये माल्कम अपहिल यांनी आइल ऑफ मॅनच्या प्रॉडक्शन टीटी शर्यतीत बोनव्हिलवर ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीचा फेरा मारला. शोरूममध्ये मिळते तशा गाडीच्या वर्गात हे पहिल्यांदाच घडत होतं.

१९७१ला चासीच्या नळीतच ऑइल भरायची नवी रचना आली. सीट इतकी उंच झाली की बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय धड टेकत नाहीत. पुढे १९७३ला ७५०ची टी१४० आली, त्याच वर्षी मेरिडनच्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, मग कामगारांची सहकारी संस्था झाली आणि १९८३ला सगळं थांबलं. ती गोष्ट वाचण्यासारखी आहे, पण घ्यायची गाडी ती नव्हे.

माझं मत सरळ आहे: १९६८ ते १९७० यांपैकी कोणतीही. ब्रेक, चासी, वीज आणि कार्बोरेटर या चारही गोष्टी एकत्र जुळून आल्या त्या याच तीन वर्षांत.

कागदपत्रं आणि नंबर

इंजिन नंबर डाव्या बाजूला, बॅरलच्या बुडाशी केसवर ठोकलेला असतो. चासी नंबर पुढच्या फोर्कच्या मानेजवळ, डाव्या बाजूला. कारखान्यातून निघताना दोन्ही एकच असत. दोन्ही नंबर लॉगबुकातल्या (गाडीच्या नोंदणीच्या कागदातल्या) नंबरांशी अक्षर न अक्षर ताडून बघा.

१९६३पासून १९६९पर्यंतच्या नंबरांच्या सुरुवातीला ‘डीयू’ असतं. त्यानंतर दोन अक्षरी खूण आली: पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं वर्षाचं. ‘एसी’ म्हणजे जानेवारी १९६९, ‘एडी’ म्हणजे जानेवारी १९७०. ‘जे’ हे अक्षर जानेवारीचं नव्हे, ऑगस्टचं आहे, आणि इथे बरेच जण फसतात.

नीट बघायची गोष्ट म्हणजे ‘टी१२०’ ही अक्षरं. ट्रायम्फची टीआर६ हीसुद्धा साडेसहाशेचीच, पण एका कार्बोरेटरची. तिला दोन कार्बोरेटरचं हेड चढवून, नंबर घासून ‘टी१२०’ ठोकलेल्या गाड्या बाजारात आहेत. नंबराची जागा बोटाने चाचपा. आजूबाजूच्या धातूपेक्षा ती खोल, चकचकीत किंवा फाइलने घासल्यासारखी लागली तर तिथेच थांबा. खूणअक्षरांच्या गाड्यांमध्ये नंबरामागे ट्रायम्फच्या बारीक खुणांची नक्षी ठोकलेली असते. ती नसेल तर नंबर कारखान्यातला नाही. मुळात टीआर६ म्हणून विकली जाणारी टीआर६ उत्तम गाडी आहे. रोजच्या वापराला तर एक कार्बोरेटर जास्त सोयीचा. आक्षेप आहे तो फसवणुकीला.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि गाडीत मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. पण तपासणी सक्तीची नाही म्हणजे ब्रेक बघायचे नाहीत असं नव्हे. घेतल्यावर एकदा स्वखुशीने एमओटी करून घ्या. त्रयस्थ माणसाची नजर फिरते, हे फार कामाचं आहे.

गाडी बघायला गेल्यावर

फोनवरच सांगा: ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याला थंड गाडीची किक दाखवायची नाही, एवढं कळलं.

ऑइलची टाकी उघडा. पातळी अगदी खाली असेल तर ऑइल पंपाच्या बॉल व्हॉल्व्हमधून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलंय. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे होतंच, त्याने घाबरू नका, पण ते बाहेर काढल्याशिवाय किक मारू देऊ नका. मग गाडी चालू झाली की टाकीचं झाकण काढून आत बघा. परतीच्या नळीतून ऑइल थुईथुई, मध्येमध्ये हवेचे बुडबुडे घेत पडताना दिसलं पाहिजे. सुरुवातीला सलग धार, मग तुटक धार, हे बरोबर. अर्ध्या-एक मिनिटात काहीच दिसलं नाही तर इंजिन बंद करायला सांगा.

ऑइल कुठून गळतंय ते बघा. दोन सिलिंडरांच्या मध्ये पुढे-मागे उभ्या चकचकीत नळ्या आहेत, त्यांतून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारे दांडे) जातात. त्यांच्या वर-खाली रबरी रिंगा असतात, तिथून पाझरणं ही या इंजिनाची जुनी खोड. रिंगा स्वस्त, पण बदलायला रॉकर बॉक्स आणि हेड उतरवावं लागतं. हेड आणि बॅरलच्या सांध्यातून गळत असेल तर गोष्ट गंभीर. फिना (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) तुटलेल्या असतील तर हेड कुणीतरी आपटलंय किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंय, असा अंदाज करा.

नटांचे कोपरे बघा. कोपरे शाबूत असतील तर आतलं काम जाणत्या हातांनी झालंय. कोपरे गोल झालेले, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या आणि सांध्यांतून लाल-निळं सीलंट ओघळलेलं दिसलं, तर चमकत्या रंगाला भुलू नका. मी स्वतः रंग आणि क्रोमकडे सगळ्यात शेवटी बघतो.

डाव्या बाजूने खालून ठक-ठक आवाज आला तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा सांधा) गेलं असं लगेच ठरवू नका. तिथे क्रँकच्या टोकाला लुकास कंपनीच्या अल्टरनेटरचा (वीज बनवणाऱ्या यंत्राचा) रोटर असतो. त्याचा मधला भाग सैल झाला की अगदी तसाच आवाज येतो. भावात घासाघीस करायला हे कारण चालतं, गाडी नाकारायला नाही.

पाने

गाडी घरी आणण्याआधी पाने घ्या. मेट्रिक पाने या गाडीला चालत नाहीत. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच नटांना व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो. त्यावर लिहिलेलं माप नटाच्या रुंदीचं नसून बोल्टच्या जाडीचं असतं, म्हणून आकडा बघून अंदाज चुकतो. १९६८-६९च्या सुमारास ट्रायम्फ हळूहळू अमेरिकी इंची मापाकडे वळली, त्यामुळे त्या वर्षांच्या गाडीत दोन्ही सापडतात. ‘जवळपास बसतोय’ असा पाना लावायचाच नाही. वेगळ्या आट्यांचा बोल्ट पिळून बसवला की ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे गेले, आणि मग पुढचं काम खराद्याकडे.

गाळाची नळी

बोनव्हिल घेणाऱ्याला ही एक गोष्ट माहीत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बिग एंडच्या जागी क्रँक आतून पोकळ आहे, आणि त्या पोकळीत पत्र्याची एक नळी बसवलेली आहे. ऑइल तिच्यातून होऊन दोन्ही बिग एंडना पोहोचतं. क्रँक फिरताना ऑइलमधली घाण, काजळी, धातूचा कीस भोवंडून बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि नळीत साचतो. कागदी फिल्टर नसलेल्या इंजिनात हाच खरा फिल्टर. युक्ती चांगली होती, कारण कारखान्याच्या हिशेबात इंजिन ठरावीक मैलांनी पूर्ण उघडलं जाणार होतं. पण पन्नास वर्षांत किती जणांनी ते उघडलं? नळी भरत जाते, गाळ घट्ट होऊन काळ्या डांबरासारखा बसतो आणि एक दिवस ऑइलची वाट बुजते. मग कनेक्टिंग रॉड तुटून केसमधून बाहेर येतो.

ही नळी साफ करायला क्रँककेस दुभंगावी लागते, दुसरा मार्ग नाही. क्रँकच्या बाजूला एक प्लग आहे, तो सुटू नये म्हणून पंचने ठोकून बंद केलेला असतो. ती ठोकलेली जागा ड्रिलने मोकळी करायची, क्रँक गरम करायचा, मग प्लग फिरवायचा. नळी ओढून काढायची, क्रँकमधली सगळी भोकं रॉकेलने आणि दाबाच्या हवेने साफ करायची, आणि नवी नळी, नवा प्लग बसवायचा. नळी बसवताना तिचं भोक क्रँकच्या भोकासमोर आलंच पाहिजे. नळीला जागेवर धरणारा फ्लायव्हीलचा बोल्ट आधी काढावा लागतो, हे विसरून जोर लावला तर नळी फाटते.

विकणाऱ्याला विचारा, ‘स्लज ट्रॅप (हीच गाळाची नळी) कधी काढला होता?’ बिल किंवा फोटो दाखवला तर उत्तम. ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं, तर पूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच भाव सांगा. आणि मधल्या काळात अशा गाडीला आधुनिक, घाण धुऊन काढणारं ऑइल घालून हायवेवर पळवू नका. घट्ट गाळ सुटून एकदम भोकात अडकायची भीती असते.

इंजिन एकदा साफ झालं की २०डब्ल्यू-५० ऑइल, दर १६०० किलोमीटरला बदल, इंजिन गरम असतानाच. प्रत्येक वेळी टाकीतली आणि क्रँककेसच्या बुडातली जाळी काढून धुवा. परतीच्या नळीवर बाहेरून कागदी फिल्टर बसवण्याचे किट मिळतात. मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी हा एक बदल करावाच.

किक मारण्याची रीत

आधी क्लच. रात्रभर उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात. इग्निशन बंद ठेवून क्लच दाबा आणि दोन-तीनदा किक फिरवा. पहिल्यांदा इंजिन फिरेल, मग ‘चट्’ करून प्लेटा सुटतील आणि किक हलकी होईल. हे न करता पहिला गिअर टाकला तर गाडी धक्का देऊन उडी घेते.

मग पेट्रोलचे कॉक उघडा. दोन्ही कार्बोरेटरवर एक छोटं बटण असतं, ते दाबून धरा, पेट्रोल बाहेर ओलसर दिसेपर्यंत. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या. थ्रॉटल अगदी थोडा उघडा. किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेल तिथे आणा, वर घ्या, इग्निशन चालू करा आणि पूर्ण वजनाने, पाय शेवटपर्यंत नेत एकच किक. अर्धवट किक या इंजिनाला चालत नाही. चालू झाली की एक-दोन मिनिटं मंद चालू द्या, टाकीत परतीची धार बघा, मगच निघा.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. जुनी बुलेट चालवलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे नवं नाही, पण आयुष्यभर डावा गिअर वापरलेल्यांनी आधी मोकळ्या मैदानात पायांना सवय लावावी. अचानक ब्रेक लागतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

टॅपेट, पॉइंट, कार्बोरेटर

टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनावर: इनलेट ०.०५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.१० मिलिमीटर. दोन्ही प्लग काढा, टॉप गिअर टाका, मागचं चाक हाताने फिरवा. डावा इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की उजवा इनलेट जुळवायचा, उजवा उघडला की डावा. एक्झॉस्टचंही तसंच. फीलर गेज आत नीट शिरत नाही, म्हणून हाताचा अंदाज लागतो: ॲडजस्टर टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या. त्याच्या आट्यांच्या हिशेबाने एका पूर्ण फेऱ्याला जवळपास एक मिलिमीटर अंतर पडतं, म्हणजे एक्झॉस्टला फेऱ्याचा दहावा हिस्सा पुरे, इनलेटला त्याच्याही निम्मा. लॉकनट आवळताना ॲडजस्टर फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा. रॉकरची चार गोल झाकणं थरथरीने सुटून रस्त्यात पडतात. दर फेरीआधी हाताने चाचपायची सवय ठेवा.

पॉइंटचं अंतर ०.३८ मिलिमीटर, प्लगचं ०.६४. टायमिंग स्ट्रोब लाइटने लावा. १९६८पासूनच्या गाडीत डाव्या केसवरचं छोटं गोल झाकण काढलं की रोटरवरची खूण दिसते. इंजिन वाढवून ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी रचना) पूर्ण उघडल्यावर खूण काट्यासमोर आली पाहिजे, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी ३८ अंश. डावा आणि उजवा दोन्ही वेगवेगळे तपासा. टायमिंग जास्त पुढे गेलं तर पिस्टनला भोक पडतं, त्यामुळे इथे कानावर भरवसा ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर ही कटकट बरीच कमी होते, पण त्याला बॅटरी ठणठणीत लागते.

कार्बोरेटर जुळवण्याआधी वरच्या दोन्ही गोष्टी झालेल्या हव्यात. हवेचे स्क्रू दीड-दीड फेरा उघडे ठेवून सुरुवात करा. एअर फिल्टर काढून दोन बोटं दोन तोंडांत घाला, हळूच थ्रॉटल फिरवा: दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी उचलली तर केबलचा ॲडजस्टर फिरवा. स्लाइड झिजून खडखडत असतील तर जुळवण्यात वेळ घालवू नका. अमल कार्बोरेटर इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात.

वीज आणि पेट्रोल

या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडलेला असतो, निगेटिव्ह नव्हे. उलटी जोडली की रेक्टिफायर आणि झेनर डायोड हे चार्जिंग सांभाळणारे भाग जळतात. बॅटरीच्या खणात ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, म्हणजे दुसरा कुणी हात घालेल तेव्हाही चूक होणार नाही.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप, सील आणि फायबरच्या टाक्या खातं, वर पाणीही शोषतं. पंपावर ‘ई५’ लिहिलेलं महागडं पेट्रोलच भरा. भारतात तर आता सरसकट वीस टक्के आहे. तिथे अशी गाडी चालवणाऱ्यांनी पाइप आणि सील इथेनॉल सोसणारेच बसवावेत आणि टाकी कधीही महिनोन्‌महिने भरलेली ठेवू नये.

हिवाळ्यासाठी ठेवताना

शेवटची फेरी झाल्यावर, इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. जुन्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल चार महिने बेअरिंगवर राहू देऊ नये. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करा, बॅटरी काढून चार्जरवर ठेवा, क्लचचा लिव्हर पट्ट्याने दाबून बांधा म्हणजे प्लेटा चिकटणार नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर, चाकं जमिनीपासून उचललेली. मार्चमध्ये बाहेर काढताना क्रँककेसच्या बुडाचा प्लग उघडून खाली तसराळं ठेवा, उतरलेलं ऑइल काढून घ्या, प्लग नव्या वायसरने बंद करा, टाकीतली पातळी भरा. किक त्यानंतर.